सुजेचा आकडा

सोमवार, ३ तारीख

आणि वर मला म्हणते काय, "ताई, खुर्ची जरा पुढे ओढून देता का?" दिली ओढून. सगळ्या बायका बघत होत्या, नाही म्हणायची सोय नव्हती. ही माझी धाकटी जाऊ. लग्न होऊन आली तेव्हा हिला धड केळ्याचं साल काढता येत नव्हतं. या लाँड्रीत तिला चिकटवली मी. हॉटेलातल्या डबलच्या चादरीची घडी दोघींनी मिळून कशी घालायची, टोकाला टोक कसं आणायचं, झटका कधी द्यायचा, सगळं शिकवलं मी. आणि आजपासून ती शिक्क्याच्या टेबलाशी बसून आलेल्या गाठोड्यांवर शिक्के मारणार, आणि मी रुळाच्या इस्त्रीपुढे उभी राहून वाफ खाणार.

का, तर तिच्या रक्तात सूज निघाली. तसा कागद आहे तिच्याकडे. बोटांचे सांधे सुजलेत, तिच्याच अंगातल्या पांढऱ्या पेशी तिच्याच सांध्यांवर उठल्यात, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि चिठ्ठी दिली की हिला बसून काम द्या. मुकादमाने चिठ्ठी वाचली, आकडा बघितला, मान डोलावली. जसं काही त्याला कळलं.

माझ्या रक्तात काही निघालं नाही. माझा उजवा हात याच रुळाच्या पट्ट्यात अडकला होता. मनगट मोडलं, प्लास्टर घातलं, काढलं, हाड जुळलं. हाड जुळलेलं सगळ्यांना फोटोत दिसलं. त्याला दोन वर्षं झाली. हात अजून जळतो. तिखट चोळल्यासारखा. बाही लागली तरी जीव जातो, म्हणून थंडीत पण बाही कोपरापर्यंत वर. कधी लाल होतो, कधी गारठतो. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं तर म्हणे, "स्वच्छ आहे." घरी सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. मी जणू परीक्षेत पास झाले.

नवऱ्याला हे सगळं सांगायला गेले तर म्हणतो, "लिहून काढ, माझं डोकं खाऊ नकोस." चौथी झालेय मी. लिहिते. दुखणाऱ्या हातानेच लिहिते, बघू काय होतं.

मंगळवार, ४ तारीख

हात जळाला. लिहवत नाही.

गुरुवार, ६ तारीख

घरात चाललंय काय ते ऐका. फ्रिजमध्ये वरचा कप्पा धाकटीच्या इंजेक्शनला. तिथे दुसरं काही ठेवायचं नाही. दूध खाली, भाजी खाली, आम्ही सगळे खाली. सासूबाई सकाळी तिला कोमट पाण्यात हात बुडवायला पातेलं देतात. माझ्या बाळंतपणात मला पाणी स्वतः तापवून घ्यायला लावलं त्याच या सासूबाई. दीर येता-जाता विचारतो, "आज कसंय?" ती म्हणते, "बरंय." बरंय म्हणायचं आणि कपाची कडी धरताना तोंड असं करायचं की बघणाऱ्याने उठून कप हातात द्यावा. मला येत नाही असं तोंड करता. मी ओरडते. ओरडणाऱ्याचं दुखत नाही असं लोकांना वाटतं.

आज तिला तपासणीला घेऊन मीच गेले होते, कारण दीर कामावर. रक्त काढणारा मुलगा तिला विचारतो, "ताप, घशाची खवखव, गळू, दात, काही आहे का? कुठेही सूज-पू असला तर आकडा वाढतो, मग तुमच्या सांध्यांचं नीट कळत नाही." ती म्हणाली, सर्दी आहे. झालं! डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन पुढे ढकललं. म्हणे हे औषध पांढऱ्या पेशींना झोपवतं, आणि त्या झोपल्या की साधी सर्दीसुद्धा छातीत उतरते. सर्दीचे एवढे लाड! मी तापात मुलीचं लग्न लावलंय.

पण त्या मुलाचं बोलणं माझ्या डोक्यात राहिलं. कुठेही सूज असली तर आकडा वाढतो. कुठेही.

रविवार, ९ तारीख

खालची उजवीकडची दाढ. पोखरलेली होतीच, आज ठणकायला लागली. लवंग धरली. धाकटी म्हणाली, "ताई, एकाच बाजूने चावताय." मी म्हटलं, "तू तुझ्या ताटात बघ."

सोमवार, १० तारीख

दातांच्या डॉक्टरकडे गेले. त्याने आरसा घातला आणि शिट्टी वाजवली. शहाणा. "मावशी, मुळाशी पू झालाय. आज औषध सुरू करतो, दोन-तीन दिवसांत दाढ काढू."

"नको."

"नको म्हणजे?"

"आज औषध नको. पुढच्या आठवड्यात."

"दुखत नाही का तुम्हाला?"

"दुखतंय म्हणून तर आले."

त्याला काय सांगणार, की बाबा, ही दाढ मला बुधवारपर्यंत हवी आहे. सगळ्या अंगात ही एकच गोष्ट आहे जी दुखते आणि दिसतेसुद्धा.

औषधाची चिठ्ठी घेतली आणि पर्समध्ये खाली घालून ठेवली.

बुधवार, १२ तारीख

दिलं रक्त. डॉक्टरीणबाईंना सोमवारी सकाळीच फोन केला होता, हात फार जळतोय, परत तपासा. त्या बिचाऱ्या हो म्हणाल्या.

त्याच मुलाने विचारलं, "ताप, घसा, गळू, दात?"

"काही नाही."

"गाल सुजल्यासारखा वाटतोय."

"माझं तोंडच असं आहे."

बाजूच्या बाकावरची बाई हसली. तो पण हसला आणि सुई घातली. डाव्या हातातून घेतलं. उजव्याला सुई लावली असती तर मी त्याच्या कानाखाली दिली असती.

शुक्रवार, १४ तारीख

आला! धाकटीपेक्षा मोठा. तिचा होता त्याच्या दुपटीला थोडाच कमी.

डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर आठी. माझी बोटं, कोपर, गुडघे दाबून बघितले. "सांधे तर सुजलेले नाहीत," म्हणाल्या. "आकडा मात्र बराच आहे. कुठे इन्फेक्शन? दात, लघवी, खोकला?"

"नाही हो. हातच आहे. पहिल्यापासून सांगतेय हात आहे."

मग त्या म्हणाल्या की अशा जळणाऱ्या हाताला कधीकधी सूज मारायच्या गोळ्यांचा उपयोग होतो, थोडे दिवस देऊन बघू. "पण ताप आला तर लगेच यायचं. लगेच म्हणजे लगेच."

घरी आल्यावर स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर आकडा वाचून दाखवला. सासूबाईंनी चष्मा लावून कागद बघितला, उलटा. नवरा म्हणाला, "अरे बापरे." असं 'अरे बापरे' तो माझ्यासाठी कधी म्हणाला होता, आठवत नाही. सासूबाई उठल्या आणि त्यांच्या पाठीची उशी माझ्या पाठीला लावली. बोलले असते तर रडू आलं असतं, आणि ते त्यांना बघायला मिळालं असतं.

धाकटी ओट्याशी उभी होती. माझ्याकडे बघितलं, गालाकडे बघितलं, आणि भांडी लावायला लागली. सहन होत नाही बाईला. इतके दिवस एकटी राणी होती.

गोळ्यांचं पाकीट माझ्या कपाटात ठेवलं, साडीच्या घडीत. तिला औषधांची नावं वाचता येतात. माझं दुखणं तिने वाचायची गरज नाही.

शनिवार, १५ तारीख

मुकादमाला कागद दाखवला. त्याने धाकटीचा कागद पण काढायला लावला आणि दोन्ही शेजारी-शेजारी ठेवले. हा माणूस दिवसभर स्टुलावर बसतो आणि उभं राहण्याबद्दल निर्णय घेतो.

"खुर्ची एकच आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मग ज्याचा आकडा मोठा, त्याची खुर्ची. माझ्याकडे भेदभाव नाही."

धाकटी म्हणाली, "साहेब, असं दोन दुखण्यांचं वजन करता येत नाही."

"मग कसं करायचं? रडून दाखवा दोघी, जी जास्त रडेल तिला देतो."

बायका हसल्या. धाकटी नाही हसली. उठली, खुर्चीवरची तिची शाल घेतली आणि रुळाकडे गेली. मला उलटं बोलली असती तर बरं वाटलं असतं.

सोमवार, १७ तारीख

बसले. दिवसभर बसले. गाठोडं आलं की शिक्का, गाठोडं आलं की शिक्का. पाय सुजले नाहीत, वाफ नाही, गरम चादरीची कड तळव्याला लागली नाही. संध्याकाळी घरी आले तर जिना चढताना दम लागला नाही.

माझ्या जागेवर धाकटी उभी होती, समोर उंचाडी. उंचाडी म्हणजे आमच्यातली नवी बाई, हात लांब पण डोकं आखूड. झटका द्यायची वेळ आली की धाकटीच्या हातून टोक सुटायचं. परत उचलायची, परत सुटायचं. उंचाडी ओरडली, "अगं धर ना!" मी मनात म्हटलं, नाटक. माझ्यासमोर मुद्दाम.

मग तिने चादर दातांत धरली. टोक दातांत आणि बाकीची मनगटांनी. तशी घडी घातली. कुणी शिकवलं तिला हे?

माझं लक्ष शिक्क्यावर नव्हतं, दोन गाठोडी उलटी गेली.

बुधवार, १९ तारीख

काय सांगू! हात हलका झालाय. पूर्ण नाही, पण तिखट चोळल्यासारखं होतं ते आता नुसतं कढत पाण्यासारखं. गोळ्यांनी अंगात वारं शिरलंय. पडदे धुतले, माळा काढला, नवऱ्याचे बूट घासले. भूक तर अशी की सासूबाई म्हणाल्या, "पातेलं तरी ठेव."

दाढ पण दुखायची कमी झाली. गाल मात्र वाढलाय. दुखत नाही ना, मग वाढेना का.

धाकटी आज अर्ध्या दिवसाने घरी गेली. दिराने तिच्या बोटांकडे बघितलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला. सासूबाईंनी पातेलं तापवलं. आता माझ्याकडे मोठा आकडा आहे, तरी पातेलं तिलाच.

शुक्रवार, २१ तारीख

अंग कसकसतंय. गिळताना गळ्यात काहीतरी अडकतंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ताप आला तर या. पण गेले तर तोंड उघडायला लावतील. सोमवारी बघू.

शनिवार, २२ तारीख

तोंड उघडत नाही. चमचा जात नाही. धाकटी सारखी दारात येऊन उभी राहते. म्हटलं, जा. 'जा' पण नीट म्हणता आलं नाही.

मंगळवार, २५ तारीख

इस्पितळात आहे. वही नवऱ्याने आणून दिली, सोबत चष्मा दुसराच. आता बरं आहे म्हणून लिहिते, नाहीतर ज्याला त्याला वाटेल तशी गोष्ट सांगत सुटतील.

शनिवारी संध्याकाळी धाकटी सरळ माझ्या कपाटापाशी गेली. मी गादीवर पडलेली, उठवत नव्हतं. साड्या उचकल्या. पाकीट काढलं, वाचलं, आणि अशी ओरडली की सासूबाईंच्या हातातलं झाकण पडलं. "या गोळ्या कधीपासून घेताय? दाढेत पू असताना?" मग माझ्या नवऱ्याला म्हणाली, "भावजी, रिक्षा. आत्ताच्या आत्ता." नवरा म्हणाला, सकाळी नेऊ. ती म्हणाली, "सकाळपर्यंत गळा बंद झाला तर?" ही बाई जी चार माणसांत खुर्ची पुढे ओढायला सांगते, ती माझ्या नवऱ्यावर ओरडत होती.

रिक्षात तिने मला धरून ठेवलं होतं. तिच्या बोटांत धरायची ताकद नाही, म्हणून कोपर अडकवून बसली होती. रस्त्याला खड्डा आला की ती कण्हायची आणि मी कण्हायचे. रिक्षावाला म्हणाला, "पेशंट कोण आहे नक्की?"

इस्पितळात तिने सगळं सांगून टाकलं. दाढ, रक्त, माझ्या पर्समधून काढलेली दातांच्या डॉक्टरची चिठ्ठी, सगळं. माझ्यासमोर! मला बोलता येत नव्हतं याचा फायदा घेतला. मानेत चीर देऊन पू काढला, दाढ काढली, नळ्या लावल्या. इथली नर्स म्हणते अजून एक दिवस उशीर झाला असता तर श्वासाला नळी घालावी लागली असती.

दाढ मागितली मी. फेकून दिली म्हणे.

बुधवार, २६ तारीख

दुपारी धाकटी आली. डबा घेऊन, पातळ करून आणलेलं. स्टूल ओढून बसली. आज तोंड उघडत होतं, म्हणून मी सुरुवात केली.

"तुला कसं कळलं?"

"रक्त काढणारा बोलला तेव्हा मी पण तिथेच होते ना, ताई. आकडा आला आणि तुमचा गाल बघितला. त्याच दिवशी कळलं."

"मग त्याच दिवशी का नाही बोललीस? खुर्ची गेली तुझी!"

ती डब्याचं झाकण उघडायचा प्रयत्न करत होती. उघडत नव्हतं. मी घेतलं आणि डाव्या हाताने उघडलं.

"म्हटलं, तुम्हालाही बसायला मिळू दे थोडे दिवस. तुमचा हात दुखतो हे मला दिसतं. भांडी घासताना तुम्ही गार पाणी डाव्या हातावरच घेता. बाही खाली येऊ देत नाही. मागे मी चुकून हात धरला होता तेव्हा तुम्ही घाबरल्या होतात, रागावल्या नव्हतात." मग म्हणाली, "पण गोळ्या या असतील असं वाटलं नाही. मला वाटलं साध्या दुखण्याच्या. मला सुरुवातीला दिल्या होत्या तशा."

मी म्हटलं, "दिसत होतं तर घरात सांगायचं होतंस की सगळ्यांना."

"माझं कोण ऐकतं?"

"तुझं? तुझं सगळं ऐकतात! पातेली काय, कप्पे काय!"

तेव्हा ती जे बोलली ते मी जसंच्या तसं लिहून ठेवते, कारण मला ते अजून पटलेलं नाही. म्हणाली, "पातेलं देतात ताई. पण कुणी मला काही करायला सांगत नाही. हे माझ्या बोटांकडे बघतात आणि तोंड फिरवतात. आई म्हणतात, राहू दे, तू बस. चार माणसांत माझ्या बाजूने बोलतात आणि मला काही विचारत नाहीत. तुमच्यावर सगळे चिडतात, तुमच्याशी भांडतात, तुमच्या हातचं काम मागतात. मला हेवा वाटतो तुमचा. घरात माझ्याशी भांडणाऱ्या तुम्ही एकट्याच उरलाय."

असं असतं का कधी? पातेलं, इंजेक्शन, खुर्ची, सगळं असून हिला माझा हेवा! आणि काय सुंदर रडते. नाक लाल होत नाही, आवाज नाही. मी रडले की शेजारच्या खाटेवरची बाई घंटा दाबते.

डबा संपवला. मीठ कमी होतं. सांगितलं तसं. हसली.

गुरुवार, २७ तारीख

डॉक्टरीणबाई आल्या. आधी ओरडल्या. भरपूर ओरडल्या. मी ऐकून घेतलं, चूक असली की ऐकते मी, रोज नसते म्हणून सवय नाही. म्हणाल्या, पांढऱ्या पेशी दाढेतल्या पुवाशी लढत होत्या, तुम्ही त्यांना झोपेची गोळी दिलीत, मग पू मोकाट सुटला.

"बरं. आता हाताचं बोला," मी म्हटलं. "आकडा दाढेचा होता. मग हात खोटा का?"

त्या खाटेवर बसल्या. "खोटा नाही. ऐका. मनगट मोडलं तेव्हा याच पेशी तिथे धावून आल्या. मोडतोड साफ करायची, जोडणी करायची, हे त्यांचं काम. त्या काही रसायनं सोडतात, त्याने जागा सुजते, लाल होते, दुखते. तेव्हाचं ते दुखणं कामाचं असतं, आपण हात हलवत नाही. काम झालं की त्या निघून जायला हव्यात. काही माणसांत जात नाहीत. दुखणं मेंदूला कळवणारी शीर असते, तिच्याजवळ ठाण मांडतात. कण्यातही त्यांच्या नात्यातल्या पेशी असतात, त्याही जाग्या होतात. शिरेला सतत डिवचत राहतात. मग नुसती चादर लागली तरी शीर ओरडते."

मला एकदम नवऱ्याच्या आत्या आठवल्या. माझ्या बाळंतपणात मदतीला म्हणून आल्या होत्या. मुलगी शाळेत जायला लागली तरी आमच्याच घरात, आणि दिवसभर मला टोचून बोलणं. सांगितलं तसं. डॉक्टरीणबाई हसल्या, "अगदी तशाच."

"मग रक्तात का दिसत नाहीत?"

"तुमच्या आत्या घरात बसून होत्या. रस्त्यावरून जाणाऱ्याला कळत होतं का?"

"छे. बाहेर तर त्यांचं नाव होतं."

"रक्त म्हणजे रस्ता. रस्त्यावर गर्दी झाली तर आपल्याला आकडा दिसतो. तुमच्या जावेच्या घरातही गर्दी आहे आणि रस्त्यावरही. तुमच्या फक्त घरात असावी. शंभर टक्के असंच आहे असं मी म्हणत नाही. पण हाताचा रंग बदलतो, गार पडतो, स्पर्श सोसत नाही, आणि गोळ्यांनी थोडा हलका झाला होता. त्यावरून मला तसं वाटतं."

"हे आधी का नाही सांगितलं? 'स्वच्छ आहे' म्हणून मोकळ्या झालात."

त्या म्हणाल्या, "सांगायला हवं होतं." डॉक्टर असं म्हणतात हे मी पहिल्यांदा ऐकलं.

त्या गोळ्या आता परत नाहीत. दुसऱ्या आहेत, शिरेच्या. शिवाय रोज हातावर मऊ कापड फिरवायचं, मग जरा खरबरीत, म्हणजे शिरेला पुन्हा सवय होईल. सुटेल का असं विचारलं तर म्हणाल्या, कमी होईल, वेळ लागेल. रुळापुढे उभं राहायचं नाही. चिठ्ठी दिली. तिच्यात आकडा नाही.

सोमवार, ३१ तारीख

घरी आले. कापड फिरवायला सुरुवात केली. पहिल्याच फेरीला डोळ्यांतून पाणी. धाकटी समोर बसून तिची बोटं पाण्यात बुडवत होती. तिचं पातेलं तापवून येतं, माझं कापड मीच शोधायचं. तरी म्हणाले तिला, "बघतेस काय, बोल काहीतरी."

"तुमचं कापड मळकं आहे, ताई."

"तुझं पाणी थंड झालंय."

सासूबाई म्हणाल्या, सुरू झालं यांचं.

बुधवार, २ तारीख

कामावर गेले. शिक्क्याच्या टेबलाशी धाकटी बसली होती. माझा नवा कागद आला तो परत स्वच्छ, म्हणून खुर्ची परत तिची. तिची आहेच. माझं म्हणणं वेगळं होतं. मुकादमापुढे चिठ्ठी ठेवली.

"यात आकडा कुठाय?"

"आकडा दाढेत होता. दाढ काढली."

"मग खुर्ची कशावर देऊ? उद्या सगळ्या म्हणतील हात जळतो."

"ज्यांचा जळत असेल त्या म्हणतील. तू एक दिवस रुळापुढे उभा राहा, तूही म्हणशील." अरे-तुरे झालं तोंडातून. झालं ते झालं.

तो म्हणाला, जागा नाही, काम नाही. मी कोपऱ्यात बोट दाखवलं. हॉटेलातून परत आलेल्या चादरींचा ढीग. मी नसताना उंचाडीने घातलेल्या घड्या, कड वाकडी, मधे चुण्या. "या परत कोण घालणार? डबलची घडी इथे आम्हा दोघींनाच येते. एकीची बोटं गेली, एकीचा हात. हात नाही तर तोंड आहे माझं. मी बसून घडी तपासते आणि बसून शिकवते. काम तयार आहे, खुर्ची आण."

"विचार करावा लागेल."

"कर. शनिवारी शेवटची गाडी भरायच्या आत हो की नाही सांगायचं. नाही असेल तर सोमवारपासून मी येणार नाही, आणि ही पण येणार नाही."

धाकटीला विचारलं नव्हतं. तिने शिक्का खाली ठेवला आणि मुकादमाकडे बघून मान हलवली. तो स्टुलावरून उठला. माझ्यासमोर तो उभा राहिलेला मी कधी बघितला नव्हता.

दारापर्यंत गेले आणि मागे वळून तिच्या खुर्चीकडे नीट बघितलं. परत आत आले. म्हटलं, एक राहिलं. मला स्टूल चालणार नाही. पाठ असलेली खुर्ची पाहिजे, तिच्या खुर्चीला आहे तशीच, आणि तिच्यापेक्षा जुनी दिली तर घेणार नाही. शनिवार. शेवटच्या गाडीच्या आत.